चार ओळी आणि एक प्रश्न

आदरणीय नलिनीबाई घाटे यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मीही लिहावं असा निरोप आला, तेव्हा मी संपादक मंडळींना पुन्हा फोन करून विचारलं की तुम्हाला नक्की मीच हवा आहे ना. कारण या ग्रंथात बाईंच्या सहकारी शिक्षिका लिहिणार, त्यांच्या हाताखाली शिकून डॉक्टर आणि अधिकारी झालेल्या ताई लिहिणार. मी बाईंच्या शाळेत कधी नव्हतोच, ती मुलींची शाळा. कॉलेज मी मधेच सोडलं, आणि त्यानंतर कधी ट्रॅव्हल्सच्या गाडीवर, कधी डोंगरातल्या एखाद्या लॉजच्या काउंटरवर, कधी लग्नाच्या शूटिंगवाल्यांबरोबर असा फिरतच राहिलो. तरीही मी बाईंचा विद्यार्थी आहे. माझा वर्ग मोबाईलवर भरतो.

पहिली भेट जबलपूरच्या सदर भागात झाली. माझ्या चुलतभावाची बायको, रेखावहिनी, तिथे राहते; भाऊ फॅक्टरीत आहे. मी बाहेरगावहून परतलो की आधी वहिनीकडे खोवा जलेबी घेऊन जातो, कारण जबलपूरला आल्यासारखं त्याशिवाय वाटतच नाही. (बाहेरच्या लोकांना ही काळी जलेबी पाहून जळाली की काय असं वाटतं. एकदा एका पाहुण्याने दुकानदाराला तसं सुनावलंही होतं. पण ते राहू द्या.) त्या दिवशी वहिनीच्या ओट्यावर एक बाई मटार सोलत बसल्या होत्या. वहिनीने ओळख करून दिली की या घाटेबाई, मागच्या गल्लीत इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर राहतात, जन्मभर इंग्रजी शिकवलं, मुलगा पुण्याला असतो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू तो फोटोवाला का? रेखाने दाखवले मला. फोटो छान आहेत. ओळी कोणाच्या?"

मी सोशल मीडियावर डोंगरांचे फोटो टाकायचो आणि खाली इंग्रजीत काहीतरी वाऱ्याबद्दल, आत्म्याबद्दल, हरवण्याबद्दल असायचं. ते कुठून तरी उचललेलं असायचं, सगळेच तसं करतात. मी म्हणालो की अशाच, नेटवरच्या.

बाईंनी माझाच मोबाईल मागितला, एक फोटो उघडला आणि विचारलं, "या दिवशी दुपारी तू काय खाल्लं होतंस?"

मी म्हणालो, पराठा. त्यातला अर्धा कुत्र्याने पळवला.

"मग ते लिही ना," बाई म्हणाल्या, आणि मटार सोलू लागल्या.

मी तिथेच बसून इंग्रजीत लिहिलं. दोन वाक्यं लिहीपर्यंत जलेबी थंड झाली. पण त्या पोस्टखाली जेवढी माणसं बोलली, तेवढी माझ्या आत्म्याखाली कधी बोलली नव्हती. कुत्रा कोणत्या रंगाचा होता, पराठा कशाचा होता, परत मागितला का, असे प्रश्न. मला उत्तरं द्यावी लागली, तीही इंग्रजीत. रात्री वहिनीचा फोन आला की बाई म्हणून राहिल्या, हे आपण रोज करायचं.

अशा रीतीने बाईंच्या ग्रुपची सुरुवात झाली. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'चार ओळी'. नियमही त्यांनीच ठरवले. त्याच दिवशी स्वतः काढलेला फोटो टाकायचा. त्याखाली इंग्रजीत चार ओळी लिहायच्या. फुलांचे सुप्रभात आणि फॉरवर्ड केलेले सुविचार चालणार नाहीत. वाचणाऱ्याने दुसऱ्याची चूक दाखवायची नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा, आणि लिहिणाऱ्याने त्याचं उत्तर द्यायचं. हळूहळू सदरमधल्या दोन-चार फौजी घरांतल्या बायका आल्या, ओमती बाजारातला एक कपड्यांचा दुकानदार आला, कॉलेजची मुलं आली, आणि फॅक्टरीतून निवृत्त झालेले पांडेजी आले, ज्यांना नातवाशी इंग्रजीत भांडायचं होतं.

चूक दाखवायची नाही, हे ऐकून कोणाला वाटेल की मग शिकणार कसं. इथे बाईंच्या पद्धतीबद्दल सांगणं मला अगत्याचं वाटतं, कारण इतकी वर्षं मी ज्यांच्याकडून शिकलो नाही त्यांनी सगळ्यांनी माझ्या चुकाच दाखवल्या होत्या. बाई कधीच कोणाला लाल खूण करत नाहीत. समजा, मी आज भेडाघाटच्या नावाड्याबद्दल काहीतरी वेडंवाकडं लिहिलं. बाई त्याखाली फक्त विचारतील की नावाडी गात होता का. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची स्वतःची पोस्ट येईल, त्यांच्या ओट्यावर उतू गेलेल्या दुधाबद्दल, आणि त्यात मी जिथे जिथे अडखळलो होतो ती सगळी वाक्यं नीट, सहज मांडलेली असतील. ज्याला दिसलं त्याला दिसलं. नाही दिसलं, तर त्याला दुधाची गोष्ट मिळाली.

मला हे कळायला बराच काळ लागला. पांडेजींना मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून त्यांची शांती गेली. जन्मभर त्यांनी फॅक्टरीत माल तपासण्याचं काम केलं. बाईंची सकाळची पोस्ट आली की ते आदल्या दिवसाच्या सगळ्या पोस्ट पुन्हा वाचून काढत, आणि मग मला फोन करत. "भैया, आज की पोस्ट किसके लिए है? मेरे लिए तो नहीं?" मी म्हणायचो, असेल पांडेजी, तुमच्यासाठीच असेल. ते म्हणायचे, बघा, मला वाटलंच होतं. त्यांच्यासाठी नसली तर दिवसभर जरा नाराज असायचे, हे मी त्यांच्या समोरही सांगू शकतो.

बाईंची ही शिकवण किती खोल गेली त्याचं उदाहरण म्हणजे आमची रेखावहिनी. मुलीच्या शाळेतल्या सभेला ती मागच्या बाकावर बसून यायची, कारण तिथे सगळं इंग्रजीत चालतं. यंदा तिने तिथे उभं राहून विचारलं की मुलांना पाणी प्यायला सुट्टी किती वेळ असते. बस, एवढंच. घरी येऊन तिने भावाला सांगितलं, "काहून घाबरत होती मी इतकी? प्रश्नच तर विचारायचा होता. रोज विचारून राहिली ना मी."

बाई माणूस कसा वाचतात याचा अनुभव मला स्वतःला आहे. मी एकदा पहाडात एका लॉजवर काम करत होतो. रोज चार ओळी टाकायचो. आज भूक नाही, आज पायऱ्या चढवत नाहीत, आज सगळं कंटाळवाणं आहे. ग्रुपवाल्यांना ते फार कवितेसारखं वाटलं. कोणी विचारलं की तू प्रेमात आहेस का. बाईंनी विचारलं, तुझे डोळे आज कोणत्या रंगाचे आहेत. मलाही वाटलं की बाईसुद्धा कवितेत शिरल्या. गंमत म्हणून मी खिडकीपाशी जाऊन डोळ्यांचा फोटो काढला, आणि डोळे पिवळे होते. कावीळ. परतीचं तिकीट कसं मिळालं, गाडीत कोणी जागा दिली, ती वेगळीच कथा आहे. जबलपूरला उतरलो तर स्टेशनवर वहिनी आणि भाऊ उभे होते, आणि बाईंनी स्वतः केलेला मऊ भात डब्यात होता. बाईंनी मला एक शब्द ऐकवला नाही. फक्त म्हणाल्या, "तू लिहिलं होतंस बाबा सगळं. फक्त तुलाच ते माहीत नव्हतं."

आता गेल्या हिवाळ्यातल्या त्या सकाळबद्दल लिहितो. ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि बाईंनीच सांगितलं आहे की लिहिशील तर सरळ लिही, रडवू नकोस कोणाला.

त्या सकाळी बाईंची पोस्ट नेहमीच्या वेळेला आली. फोटो होता जेवणाच्या टेबलाचा, पण खालून काढलेला. टेबलाच्या लाकडी फळ्या, एक पाय आणि लांब कुठेतरी पंखा. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की मी पडले आहे. पाय हलत नाही. फरशी फार गार आहे.

आणि आम्ही, बाईंनी इतक्या मेहनतीने तयार केलेले विद्यार्थी, आम्ही प्रश्न विचारले.

कारण बाईंची सकाळची पोस्ट म्हणजे धडा, हे आमच्या अंगात मुरलं होतं. आज कोणाची तरी पडण्याबद्दलची वाक्यं चुकली असणार, असं प्रत्येकाने धरलं. एका कॉलेजच्या मुलीने विचारलं की फरशी कशाची आहे. दुकानदाराने फोटोचं कौतुक केलं आणि टेबल कुठे घेतलं ते विचारलं. रेखावहिनीने लिहिलं, "विच लेग, मॅडम?" मी तेव्हा कुंडमच्या रस्त्यावर होतो, तिथे जंगलात नेटवर्क एका वळणावर येतं आणि पुढच्या वळणावर जातं. मी गाडी थांबवून विचारलं की तिथून तुम्हाला काय काय दिसतं, आणि खूश होऊन चहा घ्यायला बसलो. बाईंचं उत्तर आलं नाही. त्याचंही कोणाला काही वाटलं नाही, कारण उत्तरं त्या संध्याकाळी सावकाश देतात.

तेवढ्यात पांडेजींचा फोन आला.

"भैया, आज की पोस्ट किसके लिए है?"

मी म्हणालो, तुमच्यासाठीच असेल.

"मेरे लिए नहीं है। मैंने गिरने का कुछ लिखा ही नहीं।" ते जरा दुखावलेले होते. त्यांनी कालचं, परवाचं, सगळ्या आठवड्याचं वाचून काढलं होतं. कोणीच पडलं नव्हतं. कोणाचा पायही मुरगळला नव्हता. आणि मॅडमच्या नेहमी चार ओळी असतात, आज तीनच होत्या. हे सगळं ते एखाद्या मालातला दोष सांगावा तसं सांगत होते, आणि सांगता सांगता थांबले.

"तो फिर," ते म्हणाले, "मैडम ही गिरी हैं।"

मी वहिनीला फोन लावला. तिने माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. तिने हातातली कणीक तशीच ठेवली, इस्त्रीवाल्याकडे ठेवलेली बाईंची दुसरी किल्ली घेतली आणि तो इस्त्रीवाला व ती दोघं वर धावली. बाई टेबलाखाली अर्ध्या होत्या, शुद्धीवर होत्या, प्रश्न वाचता वाचता मोबाईल हातातून निसटून कपाटाखाली गेला होता. वहिनी रडत खाली बसली. बाईंनी कणकेने भरलेला तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "उजवा. तू विचारलं होतंस ना, कोणता पाय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. बाईंचा मुलगा, म्हणजे अविनाशदादा, पुण्याहून त्याच रात्री निघून आले. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी आमचा ग्रुप वाचला, आणि ते जे बोलले ते चुकीचं नव्हतं. आई जमिनीवर पडली आहे आणि तुम्ही लोक तिला टेबलाचा भाव विचारताय. आम्ही मान खाली घालून उभे. पांडेजी हळूच म्हणाले, "बेटा, पूछा तो सही।" मी त्यांना कोपराने ढोसलं. अविनाशदादांनी ठरवून टाकलं होतं की आता आई पुण्याला, सदरचं घर बंद आणि हा ग्रुपही बंद. दरवर्षी ते बोलावत, बाई दरवर्षी टाळत. आता टाळायला पायच उरला नव्हता.

मी फिरणारा माणूस, मला गाव सुटण्याचं फारसं वाटत नाही. पण त्या दिवशी वाटलं. बाई पुण्याला गेल्या तर त्यांना काहीही कमी पडणार नाही, हे आम्हाला दिसत होतं. आणि ज्या ओट्यावर दूध उतू जातं तो ओटा नसेल, हेही दिसत होतं.

आत खोलीत दादांनी बाईंना विचारलं की आई, तू मला फोन का नाही केलास.

"केला," बाई म्हणाल्या. "मग मेसेज टाकला. तू मीटिंगमध्ये असशील. मग मोबाईलमध्ये जेवढं बळ होतं तेवढ्यात जे वाचतात त्यांना लिहिलं."

"पण आई, त्यांना खरं वाटलंच नाही."

"नसेना. त्यांना विचारायची सवय आहे. विचारता विचारता कोणीतरी येईलच, एवढं मला ठाऊक होतं." मग त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या माझ्यावर गेली. "तुझा प्रश्न राहिलाय. तिथून काय दिसतं विचारलंस. टेबलाच्या खालच्या बाजूला खिळ्याने नाव कोरलंय. अविनाश. अरे, तीस-चाळीस वर्षं मी त्या टेबलावर पोळ्या वाढल्या, आणि हा खाली बसून काय करत होता ते मला काल कळलं."

दादांनी मोबाईल काढला, तो फोटो बोटांनी मोठा केला. आम्ही कोणीच तो मोठा करून पाहिला नव्हता. मग त्यांनी ते नाव आम्हाला दाखवलं. बाई म्हणाल्या, "वेड्या, टेबल नवीन होतं तेव्हा," आणि हसू लागल्या, आणि टाके दुखतात म्हणून हसणं आवरू लागल्या, आणि मग खोलीत सगळेच हसले. नर्स येऊन आम्हाला बाहेर काढून गेली.

पुण्याला जायचं पुढे ढकललं गेलं. बाई चालायला लागेपर्यंत, मग उन्हाळा संपेपर्यंत, आणि मग त्याबद्दल कोणी बोलेनासं झालं. दिवसभर थांबणाऱ्या एक मावशी दादांनी लावून दिल्या. बाथरूममध्ये धरायला दांडे आले. आणि बाईंनी अट घातली की तुला माझी काळजी वाटते ना, मग ग्रुपमध्ये ये.

दादा आले. त्यांची पहिली पोस्ट ऑफिसच्या कँटीनमधल्या थाळीची. इंग्रजी इतकं गुळगुळीत की आमच्यापैकी कोणाला काही विचारायचं सुचेना. पांडेजींनी हिंमत केली आणि विचारलं की साहेब, जेवायला बरोबर कोण होतं. दादांनी उत्तर दिलं, कोणी नाही, मी एकटाच जेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची पोस्ट आली. ताटाचा फोटो. शेजारी मावशींचं ताट, पलीकडे इस्त्रीवाल्याच्या मुलीचं. आज आम्ही तिघी जेवलो, कढी थोडी पातळ झाली, कोणी तक्रार केली नाही, टेबलाला अजून एक जागा रिकामी आहे.

पांडेजींचा फोन आलाच. "भैया, ये किसके लिए है?"

मी म्हणालो, पांडेजी, आज खरंच तुमच्यासाठी नाही.

ते म्हणाले, "अच्छा," आणि पहिल्यांदाच नाराज झाले नाहीत. त्या दिवसापासून अविनाशदादा दुपारच्या जेवणाला पुण्याहून व्हिडिओ कॉल लावतात आणि मोबाईल रिकाम्या जागेवर पेल्याला टेकवून उभा असतो. हे मी स्वतः पाहिलं आहे, मीही त्या टेबलावर जेवलो आहे. टेबलाखाली वाकून नावही पाहिलं आहे. चांगलं खोल कोरलंय.

बाईंच्या विद्वत्तेबद्दल, शाळेतल्या सेवेबद्दल या ग्रंथात अधिकारी माणसं लिहितीलच. मला एवढंच म्हणता येतं की लिहायला मला कोणी शिकवलं असेल तर तो माणूस वाचायला बसणारा होता, दुरुस्त करायला नाही. समोर कोणीतरी खरंच वाचतंय आणि पुढे काय झालं ते त्याला ऐकायचंय, एवढं कळलं की माझ्यासारख्या कुठेही न टिकणाऱ्या माणसाच्याही चार ओळी पुऱ्या होतात. आज तर पाचवीही झाली आहे.

आदरणीय बाई, आपल्या पंच्याहत्तरीला मी ग्रुपतर्फे, वहिनीतर्फे आणि पांडेजींतर्फे नमस्कार करतो. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आरोग्य लाभो, दोन्ही पाय भक्कम राहोत. शंभरीलाही आपली सकाळची पोस्ट वेळेवर येवो, आणि त्यातला प्रत्येक फोटो टेबलाच्या वरच्या बाजूने काढलेला असो. ग्रुपच्या नियमाप्रमाणे वाचणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा असतो, तो विचारतो आणि थांबतो.

बाई, आज दुपारी काय खाल्लंत? ते लिहा. आम्ही वाचतोय.